परदेश प्रवासातील खर्चासाठी कोणते बँक खाते निवडावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी मुलीकडे जर्मनीत स्टुटगार्टला जाणार आहोत. मुक्काम तिच्याच घरी आहे, त्यामुळे राहण्याजेवण्याचा प्रश्न नाही. मात्र मधल्या काळात आम्ही दोघांनीच स्वित्झर्लंड आणि प्राग पाहून यावे असा बेत आहे, आणि तो खर्च मुलीवर न टाकता आमच्याच पैशांतून व्हावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आमची बहुतेक बचत सांगलीतील एका सहकारी बँकेत आहे. निवृत्तिवेतन एका राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होते आणि तिचे डेबिट कार्ड माझ्याकडे आहे. त्या शाखेत विचारले तेव्हा फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड, घ्या असा सल्ला मिळाला. भाचा म्हणतो की ज्या खात्याच्या कार्डावर परदेशी खर्चाचे शुल्क लागत नाही असे नवे खाते उघडा. शेजारी म्हणतात की कार्डाच्या भानगडीत न पडता रोख युरो न्या. तिघेही आपापल्या अनुभवावरून बोलत आहेत, पण नेमके पैसे कुठे कापले जातात हे कोणीच उलगडून सांगत नाही. ते एकदा समजले की निर्णय आम्ही घेऊ. दोघांचेही वय साठीच्या पुढचे आहे, म्हणून चार पैसे वाचण्याइतकेच महत्त्व अडचणीच्या वेळी कार्ड चालण्याला आहे.

सह्यवाट

सर्वप्रथम, सध्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अॅपमध्ये पाहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात आणि परदेशी वापर खातेदाराला स्वतः चालू करावा लागतो.

जुना_खातेदार

कृष्णाकाठ, मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

परदेशात कार्डाने पैसे दिले की व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्या दिवसाच्या आपल्या दराने युरोचे रुपये करतात. हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो आणि त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्यावर तुमची बँक स्वतःचे शुल्क लावते, ज्याला आपण मार्कअप म्हणतो. साध्या डेबिट वा क्रेडिट कार्डावर ते बहुतेक ठिकाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे एक लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० रुपये मार्कअप आणि ६३० रुपये कर मिळून ४,१३० रुपये जातात. पावतीवर ही रक्कम दिसत नाही आणि खाते उताऱ्यातही ती अनेकदा वेगळ्या ओळीत, काही दिवसांनी उमटते, म्हणून ती लोकांच्या लक्षात येत नाही.

एटीएममधून रोख काढल्यास आणखी दोन शुल्के येतात. एक तुमची बँक दर वेळी ठरावीक रक्कम म्हणून घेते, आणि दुसरे त्या देशातले एटीएम चालवणारी बँक घेते. दोन्ही शुल्के काढलेल्या रकमेवर फारशी अवलंबून नसल्यामुळे वारंवार वीस-तीस युरो काढणे सर्वांत महाग पडते.

फॉरेक्स कार्डाचे गणित वेगळे आहे. तिथे खर्चाच्या वेळी मार्कअप नाही, हे खरे. परंतु कार्डात युरो भरतानाच बँक आपला नफा दरात मिसळते. बाजारात युरो समजा शंभर रुपये असेल आणि शाखेने १०२ चा दर दिला, तर दोन टक्के तिथेच गेले. शिवाय चलन बदलण्यावर जीएसटी असतो. एक लाखापर्यंतच्या रकमेत एक टक्का भाग करपात्र धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये. ही रक्कम नगण्य आहे, खरा फरक दरात असतो. शाखेत ‘शुल्क किती’ असे न विचारता ‘हजार युरो कार्डात भरले तर माझ्या खात्यातून एकूण किती रुपये वजा होतील’ असे विचारावे, आणि त्याच दिवशी त्याच वेळी दुसरीकडेही हाच प्रश्न विचारावा. सर्व शुल्के पोटात घेणारा तो एकच आकडा तुलनेस योग्य आहे.

तुमच्या बाबतीत मात्र एक विशेष अडचण आहे. तुमच्या प्रवासात तीन चलने आहेत: युरो, स्विस फ्रँक आणि चेक कोरुना. फक्त युरो भरलेले फॉरेक्स कार्ड झुरिकमध्ये वापरले, तर युरोतून फ्रँक करताना पुन्हा शुल्क लागते आणि तेही बहुधा साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. अनेक चलने ठेवणाऱ्या कार्डावर फ्रँक भरता येतात. कोरुना मात्र बहुतेक भारतीय कार्डांवर स्वतंत्र चलन म्हणून भरता येत नाहीत.

वसुधा_ठाणे

जुना_खातेदार यांचे विवेचन पटले, तरीही ज्येष्ठांसाठी मी फॉरेक्स कार्डाच्याच बाजूने आहे. माझे सासू-सासरे परदेशी जातात तेव्हा आम्ही त्यांना तेच देतो. त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीशी त्या कार्डाचा थेट संबंध नसतो, आणि कार्ड चोरीला गेले तरी त्यात भरलेल्या रकमेपलीकडे धोका नसतो. पुष्कळ बँका सोबत दुसरे राखीव कार्ड देतात, ते दुसऱ्या पिशवीत ठेवता येते. शिवाय निघण्यापूर्वीच दर ठरलेला असल्यामुळे खर्चाचा अंदाज नेमका करता येतो आणि रुपया घसरला तरी मनाला घोर लागत नाही. दोन टक्के जास्त गेले तरी या निश्चिंतीची किंमत म्हणून मला ते योग्य वाटतात.

सह्यवाट

वसुधाताई, सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा रास्त आहे, पण ती सुरक्षितता फॉरेक्स कार्डाशिवायही मिळते. मार्कअप न घेणारे नवे बचत खाते उघडावे आणि त्यात आठवड्याला लागेल तेवढीच रक्कम मुख्य खात्यातून वळवावी. चोराच्या हाती कार्ड पडले तरी खात्यात असेल तेवढेच जाईल. शिल्लक रकमेवर व्याज मिळते, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, आणि परत आल्यावर उरलेले युरो पडत्या दराने बँकेला विकण्याची वेळ येत नाही. तीन चलनांच्या प्रवासात तर हा पर्याय अधिकच उजवा ठरतो, कारण फ्रँक असोत वा कोरुना, प्रत्येक चलनाचे थेट रुपये होतात.

जुना_खातेदार

सह्यवाट यांच्याशी मी सहमत आहे, मात्र ‘शून्य मार्कअप’ या दोन शब्दांवर थांबू नये. खाते उघडण्यापूर्वी बँकेच्या शुल्कपत्रकात तीन गोष्टी पाहाव्यात: ही सवलत एटीएमलाही आहे की केवळ दुकानातील खरेदीला, वार्षिक शुल्क वा किमान शिल्लक किती, आणि सवलतीला काही मासिक मर्यादा आहे का. या अटी बँका अधूनमधून बदलतात. गेल्या वर्षी कोणाला काय मिळाले यावर विसंबून न राहता निघण्याच्या महिन्यातले शुल्कपत्रक वाचावे.

नेकार

काका, मी बरीच वर्षे जर्मनीत राहते, म्हणून इथली प्रत्यक्ष स्थिती सांगते.

जर्मनी अजूनही रोखीचा देश आहे. मोठी सुपरमार्केट, रेल्वे, संग्रहालये इथे व्हिसा आणि मास्टरकार्ड चालते. परंतु बेकरी, आठवडी बाजार, छोटी उपाहारगृहे इथे पुष्कळदा फक्त रोख किंवा इथल्या बँकांचे जिरोकार्ड घेतात, आणि दुकानात कार्डाचे यंत्र दिसले तरी ते आपले कार्ड घेईलच असे नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी सुटी नाणीही जवळ हवीत. म्हणून तिघांचेही म्हणणे थोडे थोडे ऐका. शेजाऱ्यांचे ऐकून तीन-चारशे युरो रोख आणा, पण सगळा खर्च रोखीने करण्याचा विचार करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. एटीएमवर किंवा दुकानाच्या यंत्रावर ‘रुपयांत पैसे द्यायचे की युरोत’ असा प्रश्न येतो. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्यामुळे आपले लोक विश्वासाने तोच निवडतात. नेहमी तिथले स्थानिक चलनच निवडा. रुपये निवडले की रूपांतराचा दर त्या यंत्राचा मालक ठरवतो आणि तो फारच वाईट असतो. मग तुमचे कार्ड शून्य मार्कअपचे असले तरी उपयोग होत नाही, कारण नुकसान बँकेपर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असते. काही एटीएमवर हा प्रश्न दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारतात आणि रूपांतर नाकारण्याचे बटण लहान, फिक्या रंगात असते. घाई न करता वाचा. नाकारले तर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण तो रद्द होत नाही.

प्रागमध्ये याची अधिक काळजी घ्या. जुन्या शहरात पर्यटकांच्या वाटेवर जागोजागी खासगी कंपन्यांची एटीएम आहेत. ती टाळून बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम शोधा. रोख बदलणाऱ्या दुकानांबाबत चेक सरकारने एप्रिल २०१९ पासून ग्राहकाला संरक्षण दिले आहे. साधारण हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. तेव्हा पावती अवश्य घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक दुकाने युरोच्या नोटा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये आणि स्वतःच्या दराने देतात. तिथे कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते, तेव्हा कार्डच वापरा.

मांडवी

पणजीहून लिहितो. आमच्या घरी सिंगापूर आणि दुबईला जाणे-येणे असते आणि तिथल्या पुष्कळ दुकानांत आता यूपीआयने पैसे देता येतात. भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस इथेही सोय आहे आणि २०२४ पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटालाही ती झाली. जर्मनीत यूपीआय आहे का?

नेकार

नाही, इथल्या दुकानांत यूपीआयवर विसंबून राहता येणार नाही. काकांनी त्या भरवशावर येऊ नये.

जुना_खातेदार

मांडवी यांच्या निमित्ताने एक पूरक माहिती. यूपीआय परदेशात वापरतानाही अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात आणि चलन बदलाचे शुल्क बँकेनुसार लागू शकते, त्यामुळे ते आपोआप फुकट आहे असे समजू नये. तसेच कृष्णाकाठ, तुमच्या सहकारी बँकेचे कार्ड रूपे असेल, तर ते केवळ देशांतर्गत आहे की आंतरराष्ट्रीय याची शाखेत खात्री करा. आंतरराष्ट्रीय रूपे कार्ड परदेशात डिस्कव्हर, डायनर्स आणि जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते, आणि जर्मनीतील लहान गावात त्यावर अवलंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

अनघा_पुणे

एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून लिहिते. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मागील काही महिन्यांचे खाते उतारे द्यावे लागतात. अर्जाच्या तोंडावर सहकारी बँकेतली मोठी रक्कम मोडून नव्या खात्यात एकदम भरली, तर उताऱ्यात ती अचानक आलेली दिसते आणि तिचा स्रोत विचारला जाऊ शकतो. म्हणून व्हिसासाठी निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या जुन्या खात्याचा उतारा द्यावा, आणि प्रवासाच्या खात्यात पैसे व्हिसा मिळाल्यावर वळवावेत. नवे खाते मात्र आताच उघडावे, कारण केवायसी, कार्ड घरी येणे आणि पिन तयार करणे यांत वेळ जातो. एखादी छोटी खरेदी भारतातच करून कार्ड चालते हे पाहून घेणेही बरे.

देवगिरी

दोघांनी मिळून एकच संयुक्त खाते उघडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका खात्यावर दोन कार्डे असली, तरी काही गैरव्यवहार दिसून खाते गोठवले गेले की दोन्ही कार्डे एकाच वेळी निरुपयोगी होतात. काकांचे आणि काकूंचे स्वतंत्र खाते असावे, शक्य असल्यास निरनिराळ्या बँकांत. एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड असेल तर आणखी चांगले. काकूंना आपले कार्ड स्वतः वापरण्याचा सराव निघण्यापूर्वी व्हावा, हेही मला महत्त्वाचे वाटते. अनेक घरांत कार्ड दोघांकडे असते पण पिन एकालाच ठाऊक असतो.

दुसरे असे की भारतातला मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नका. खात्यात पैसे वळवताना ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशाला सहसा पैसे लागत नाहीत, पण त्यासाठी क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असावे लागते. ते निघण्यापूर्वी करून घ्या. आणि बँकेचा १८०० ने सुरू होणारा क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही. कार्ड बंद करण्यासाठी ९१ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक वहीत लिहून ठेवा, फक्त फोनमध्ये नको.

वसुधा_ठाणे

देवगिरी यांचा स्वतंत्र खात्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तसे असेल तर माझी सूचना अशी की काकांनी नवे खाते घ्यावे आणि काकूंकडे थोडे युरो भरलेले फॉरेक्स कार्ड द्यावे. ओटीपी आला नाही, बँकेचे अॅप उघडले नाही, तरी त्या कार्डात आधीच भरलेले पैसे हाताशी राहतील. सह्यवाट यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पैसे वळवावे लागतात आणि ते काम फोनवर अवलंबून आहे, हे विसरता येत नाही.

सह्यवाट

हे मान्य. दोन पद्धतींचा असा मेळ मला योग्य वाटतो.

अनघा_पुणे

क्रेडिट कार्डाचे काय? स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलची अनामत रक्कम कोणत्या कार्डावर द्यावी?

जुना_खातेदार

अनघाताई, चांगला प्रश्न. हॉटेल आणि भाड्याची मोटार घेताना ते कार्डावर काही रक्कम रोखून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती केवळ मर्यादेतून कमी होते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर तेवढे प्रत्यक्ष पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यानंतरही सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात. मोटार देणाऱ्या बऱ्याच कंपन्या तर क्रेडिट कार्डच मागतात. म्हणून एक क्रेडिट कार्ड जवळ असावे. निवृत्तांना ते मिळण्यात अडचण आल्यास मुदत ठेवीच्या तारणावर मिळते आणि त्यांतही मार्कअप न घेणारी कार्डे आहेत. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नये, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे.

लेखाजोखा

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून कराबद्दल थोडक्यात. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. फॉरेक्स कार्ड, रोख चलन आणि डेबिट कार्डावरील परदेशी खर्च या मर्यादेत धरला जातो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) नाही आणि त्यापुढील प्रवास खर्चावर तो वीस टक्के आहे. क्रेडिट कार्डावरील परदेशी खर्चही या योजनेत आणण्याचा निर्णय सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला. आयोजित सहलीच्या पॅकेजला मात्र दहा लाखांची सूट नाही, तिथे पहिल्या रुपयापासून कर जमा केला जातो. तुम्ही स्वतःच आखलेल्या प्रवासात दहा लाखांचा प्रश्न येईल असे वाटत नाही. आलाच, तर कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती होते, ती बुडत नाही.

मांडवी

मग सरळ मुलीनेच तिथे खर्च करावा आणि काकांनी तिच्या इथल्या खात्यात रुपये भरावेत, हे सर्वांत सोपे नाही का? मार्कअपही नाही आणि कार्डही नको.

लेखाजोखा

मांडवी, अनेक घरांत असे सुचवले जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. मुलगी अनिवासी असेल तर वडील तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील रुपयांच्या खात्यात) रुपयांत भेट देऊ शकतात, आणि ती त्यांच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. मुलीने आईवडिलांवर आपल्या कमाईतून खर्च करणे हेही सर्वस्वी योग्य आहे. परंतु ‘तू तिकडे युरो दे, त्याबदल्यात मी इकडे रुपये देतो’ असा हिशेब बांधून केलेला व्यवहार फेमा १९९९ या परकीय चलनविषयक कायद्याच्या कलम ३ च्या कक्षेत येऊ शकतो. दोन-चार टक्के वाचवण्यासाठी ही वाट धरू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता गोष्टी पुष्कळ स्पष्ट झाल्या आहेत.

काल शाखेत जाऊन हजार युरोचा एकूण आकडा विचारला, आणि तोच प्रश्न शहरातल्या एका अधिकृत चलन विक्रेत्यालाही विचारला. दोघांच्या उत्तरांत अपेक्षेपेक्षा बराच फरक निघाला, आणि दोन्ही आकडे बाजारभावाच्या वर होते. आम्ही असे ठरवले आहे: मी माझ्या नावाने मार्कअप नसलेले बचत खाते उघडतो, त्याच्या शुल्कपत्रकात एटीएमची अट वाचूनच. पत्नीच्या नावाने एक फॉरेक्स कार्ड घेतो आणि त्यात फक्त युरो भरतो, जे ती स्टुटगार्टमध्ये वापरेल. स्वित्झर्लंड आणि प्रागचा खर्च माझ्या कार्डावरून, दर वेळी स्थानिक चलन निवडून. हॉटेलसाठी मुदत ठेवीवरील क्रेडिट कार्डाचा अर्ज करतो. रोख चारशे युरो. व्हिसासाठी निवृत्तिवेतनाच्या खात्याचाच उतारा देतो.

मुलीला हे सर्व वाचून दाखवले. खर्च तिने करावा असा तिचा हट्ट होताच, पण लेखाजोखा यांचे उत्तर ऐकून तिने आमचे म्हणणे मान्य केले.

एकच शंका उरली आहे. पत्नीच्या कार्डात युरो शिल्लक राहिले तर परत आल्यावर ते किती दिवस ठेवता येतात? पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याची शक्यता आहे.

जुना_खातेदार

नोटा असोत वा कार्डातील शिल्लक, परत आल्यापासून १८० दिवसांत परकीय चलन अधिकृत विक्रेत्याला परत द्यावे लागते. मात्र दोन हजार डॉलरच्या मूल्यापर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. तुमची शिल्लक त्याच्या आतच राहील. फक्त कार्डाची मुदत कधी संपते आणि ते बराच काळ न वापरल्यास काही शुल्क लागते का, हे कार्ड घेतानाच विचारून ठेवा.

नेकार

काका, नाणी बँका परत घेत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी ती इथेच खर्च करून टाका किंवा लेकीकडे ठेवून या.